लो कार्ब तिसऱ्या आठवड्यातच सुटतंय? या चुका टाळा

लो कार्ब, म्हणजे भात, ब्रेड, साखर यांतली कार्बोहायड्रेट्स (कार्ब) कमी करण्याचं डाएट, अर्ध्यात सोडणाऱ्यांना सगळे म्हणतात की तुझी इच्छाशक्ती कमी पडली, आणि मला ते अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा सुरुवातच अशा आकड्यावर केलेली असते की तो आकडा कुणालाच वर्षभर झेपणार नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा थेट दिवसाला २० ग्रॅम कार्बवर उडी मारली, पहिल्या आठवड्यात काटा अडीच किलोने खाली आला, मी भेटेल त्याला सांगत सुटले, आणि मग तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना, डोकं जड, चिडचिड, आणि एका संध्याकाळी ब्रेडचं जवळजवळ अख्खं पाकीट संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दीड किलो जास्त. मला वाटलं संपलं सगळं, आणि मी सोडून दिलं. खरं म्हणजे त्या दीड किलोत चरबी जवळपास नव्हतीच, पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही म्हणून आता जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, ही नीट वाचा

डायबेटिसची औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कार्ब एकदम कमी करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कार्ब कमी केले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, कारण डोस जुन्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे, त्यात शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (चरबी जळताना तयार होणारे कीटोन साठून रक्त घातक प्रमाणात आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि शुगर ठीक दिसतेय म्हणून तो लक्षात यायला उशीर होतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ लागली तर तेही डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. टाइप १ डायबेटिस, किडनीचा आजार, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार आधी होऊन गेलेला असेल तर कडक लो कार्बच्या वाटेला स्वतःहून जाऊच नका.

दुसऱ्याचा आकडा उचलणं

सगळ्यात मोठी चूक ही. लो कार्ब म्हणजे एकच डाएट नाहीये. साधारण दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलात की त्याला लो कार्ब म्हणतात, आणि कीटो म्हणजे २० ते ५० ग्रॅम. आता हिशोब करा, २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या निम्म्या कॅलरी कार्बमधून येत असतील तर ते होतात २५० ग्रॅम. म्हणजे १२० वर आलात तरी तुम्ही निम्म्याहून जास्त कापलेत! पण लोक २५० वरून एका रात्रीत २० वर जातात आणि मग महिनाभरात परत २५० वर.

कीटो मुळात वजनासाठी आलंच नव्हतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी ते फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवलं, तिथे रक्तातले कीटोन कायम वर ठेवणं हाच उपचार होता, म्हणून तेवढा कडकपणा. वजन उतरवायला तो लागतोच असं नाही.

याबाबतीत मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास म्हणजे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमचा. ६०९ माणसं, पूर्ण एक वर्ष, अर्धी लो फॅटवर अर्धी लो कार्बवर. वर्षाअखेर लो कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं आणि लो फॅटवाल्यांचं ५.३, म्हणजे म्हणावा असा फरक नाहीच. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच. लो कार्बवाल्यांना सुरुवातीला २० ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितलं होतं, आणि मग हळूहळू वाढवत अशा पातळीवर थांबायचं होतं जी आयुष्यभर निभावता येईल असं त्यांना स्वतःला वाटतं. वर्षाच्या शेवटी त्यांची सरासरी होती १३० ग्रॅमच्या आसपास, आणि तरीही सहा किलो कमी.

म्हणून आकडा कसा निवडायचा तर आधी तीन दिवस काहीच न बदलता जे खाता ते लिहून काढा आणि कार्ब मोजा. मग जे सोडताना सगळ्यात कमी त्रास होईल ते आधी काढा, बहुतेकांचं ते गोड पेयं, ज्यूस, चहाकॉफीतली साखर, बिस्किटं आणि बेकरीचे पदार्थ हेच असतं. एवढ्यानेच कितीतरी लोक १५० च्या आसपास येतात. दोन तीन आठवडे तिथे राहा, मग भात, ब्रेड, बटाटा यांचं माप कमी करा. मी दुसऱ्या वेळी अशीच उतरत १०० ते ११० वर थांबले आणि आता दोन वर्षं तिथेच आहे. ८० वर जाऊन पाहिलं होतं, पण झोप बिघडली आणि दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार, मग परत वर आले.

पाण्याला चरबी समजणं

शरीरात, म्हणजे स्नायूत आणि लिव्हरमध्ये मिळून, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कार्बचा राखीव साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी असतं. कार्ब कमी केले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं, शिवाय इन्सुलिन खाली आलं की किडनी जास्त मीठ बाहेर टाकते आणि त्या मिठाबरोबर अजून पाणी. पहिल्या आठवड्यातले दोन अडीच किलो म्हणजे मुख्यतः हे. आणि एक दिवस पोटभर ब्रेड खाल्ला की हेच उलटं होतं, साठा भरतो, पाणी परत येतं, काटा दीड किलो वर. माझं तेच झालं होतं.

हे माहीत नसलं की दोन्हीकडून फसायला होतं, पहिल्या आठवड्यात उगाच हुरळून जायचं आणि तिसऱ्यात उगाच खचायचं. रोज वजन करत असाल तर आठवड्याची सरासरी काढा आणि गेल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. बायकांनी पाळीच्या आधीचे दिवस मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडावेत, नाहीतर सूज पाहून रडायला येतं. आणि टेपने कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, दर वेळी त्याच जागी, श्वास रोखून न धरता.

डोकं दुखतंय, पायात गोळे येतायत

तिसऱ्या चौथ्या दिवशी हे सुरू होतं आणि लोकांना वाटतं आपल्याला हे डाएट सोसत नाही. बरेचदा कारण वर सांगितलं तेच, मीठ आणि पाणी निघून जातंय. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अजून बिघडतं. जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवा, दिवसातून एकदा दोनदा मीठ घातलेलं गरम पातळ सूप प्या, बरेचदा त्याने बरं वाटतं. बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मीठ स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. हळूहळू उतरलात तर हा त्रास मुळात फार होतच नाही.

बद्धकोष्ठता झाली तर ताटातल्या भाज्या वाढवा. धान्य गेलं की त्यातला फायबरही जातो आणि त्याच्या जागी लोक चीज आणि अंडी ठेवतात, ज्यात फायबर शून्य. पालक, कोबी, फ्लॉवर, काकडी, फरसबी यात कार्ब कमी असतात, त्या मोजायची गरज नाही, भरपूर खा.

कार्ब बंद, बाकी सगळं मोकाट

कार्ब नाहीत म्हणजे कितीही चालतं, हा समज काढून टाका. एक ग्रॅम कार्बमध्ये ४ कॅलरी आणि एक ग्रॅम फॅटमध्ये ९. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, मग ते कुठलंही तेल असो. मी काम करताना शेजारी बदामाची वाटी ठेवायचे, डोक्यात हिशोब की मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम. एकदा किचनच्या छोट्या वजनकाट्यावर माझी मूठ टाकली तर ४५ ग्रॅम निघाली, म्हणजे २६० कॅलरी, आणि अशा दिवसात तीन मुठी सहज व्हायच्या. वजन का थांबलंय याचं उत्तर त्या वाटीत होतं! काजू तर अजूनच जपून, १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम कार्ब असतात त्यात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कार्बही कमी आणि फॅटही कमी, मग ताटात उरतं फक्त सॅलड आणि रात्री दहा वाजता भूक असह्य. इथे सांभाळून घेतं ते प्रोटीन. वजन उतरवताना दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम. ऐकायला ठीक वाटतं पण एका अंड्यात असतं ६ ग्रॅम, त्यामुळे दोन अंड्यांचा नाश्ता म्हणजे बारा, पुढचं सगळं जेवणातून यायला हवं. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये ३० ग्रॅम मिळतं.

शाकाहारी लोकांची इथे खरी पंचाईत होते आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. १०० ग्रॅम शिजवलेल्या छोल्यात प्रोटीन ९ ग्रॅम आणि कार्ब २७ ग्रॅम, त्यातला आठेक ग्रॅम फायबर. म्हणजे २० ग्रॅमच्या कीटोत डाळी कडधान्यं बसतच नाहीत, आणि ती काढली तर उरतं टोफू, चीज, घट्ट दही, सोया, रोज रोज तेच. १०० च्या आसपास राहिलात तर वाटीभर कडधान्य आरामात बसतं. शाकाहारी असाल तर कडक कीटोच्या मागे लागू नका, असं मी अगदी मनापासून सांगते.

लेबल वाचताना

नुसती साखर बघू नका, एकूण कार्बोहायड्रेट बघा आणि ते किती ग्रॅमसाठी लिहिलंय तेही. २५० मिली संत्र्याच्या ज्यूसमध्ये साखर न घालताही २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, आणि एका मोठ्या चमच्याभर मधात १७. फायबर वजा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, अमेरिकन लेबलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेला असतो आणि युरोपियन लेबलवर तो आधीच वेगळा काढलेला असतो, तिथे परत वजा केलात तर हिशोब चुकला. शुगर फ्री चॉकलेटमध्ये माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर रक्तातली शुगर वाढते, साखरेपेक्षा कमी पण वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं ते वेगळंच.

लघवीच्या कीटोन पट्ट्यांवर पैसे घालवू नका. शरीराला सवय झाली की त्यावरचा रंग आपोआप फिका पडत जातो, आणि रंग गडद आला तरी त्यावरून चरबी किती जळली ते कळत नाही.

एकदा चुकलं की सोमवारची वाट बघणं

बाहेर जेवण झालं, केक खाल्ला, ठीक आहे, पुढचं जेवण नेहमीचं घ्या. सोमवारपासून परत सुरू करते असं म्हटलं की मधले चार दिवस सगळं मोकळं सुटतं आणि नुकसान त्या चार दिवसांत होतं, केकमध्ये नाही. घरी सगळ्यांसाठी एकच भाजी, एकच चिकन किंवा अंडी करा, आणि भात किंवा ब्रेड वेगळा ठेवा, ज्याने त्याने आपलं माप घ्यावं. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करणारी माणसं दोन महिन्यांत थकतात.

खरंच थांबलंय का ते कसं ओळखायचं

तीन ते चार आठवडे सरासरी वजन आणि कंबर, दोन्ही हललं नाही तरच थांबलंय म्हणा. आधी आठवडाभर सगळं परत वजन करून लिहा, तेल, सुकामेवा आणि चीज धरून, कारण मापं हळूहळू सैल होतात आणि आपल्याला कळत नाही. झोप बघा. आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलण्याचा व्यायाम करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. शिवाय शरीर लहान झालं की त्याला लागतंच कमी, ८० किलोला जे जेवण पुरत होतं ते ७० ला जास्त होतं. हे सगळं पाहून झालं तर मगच २० ग्रॅम कार्ब अजून कमी करा किंवा दिवसातलं दोन चमचे तेल, दोन्ही एकदम नाही, म्हणजे कशाने फरक पडला ते तुम्हाला कळेल. तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्या, काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या डाएटवर वाढतं, आणि वाढलं तर बटर, मलई कमी करून त्या जागी ऑलिव्ह ऑईल, मासे, सुकामेवा आणा आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा.

आणि हव्या त्या वजनाला पोचलात की एकदम जुन्या जेवणावर जाऊ नका, दर आठवड्याला रोजचे दहा पंधरा ग्रॅम वाढवत जा. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा एक किलो वर जाईल, ते पाणी आहे, त्याला घाबरून परत २० वर जाऊ नका.