पोटातली कळ: मुतखड्याची की पित्ताशयातल्या खड्याची, कसं ओळखावं

पुण्यात पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं की घरोघरी एकच निदान होतं: "पित्त झालंय." मग थंड दूध, कोकम सरबत, मेडिकलमधली गुलाबी बाटली. कळ कमरेच्या बाजूला असली तर तितक्याच खात्रीनं सांगितलं जातं, "मुतखडा असणार, तांब्याभर पाणी पी." दोन्ही अंदाज कधी बरोबर निघतात. चुकतात तेव्हा मात्र पित्ताशयाचा रुग्ण महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहतो.

घोळ 'पित्त' या शब्दापासूनच सुरू होतो. घशाशी येतं ते आंबट पाणी जठरातलं आम्ल असतं. पित्ताशयात साठतो तो यकृतानं तयार केलेला हिरवट-पिवळा पित्तरस. खडा होतो तो या दुसऱ्या पित्तात, आणि त्यावर ॲसिडिटीची गोळी काहीच करू शकत नाही.

आधी पाहा: थांबायला वेळ आहे का?

पुढच्या खुणा तपासत बसण्याआधी एवढं बघा. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आहे का? डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय का? लघवी पूर्ण बंद आहे का? पोट फळीसारखं कडक झालंय का? छातीत दडपण, घाम, चक्कर आहे का? यातलं एकही असेल तर ओळखण्याच्या फंदात न पडता १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. मुतखड्यात ताप येणं म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढताहेत. ती लघवी तातडीनं मोकळी करावी लागते, नाहीतर काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरतो.

काही माणसांच्या बाबतीत खुणा जुळल्या तरी घरी थांबू नये. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच कुशीत कळ आली, तर पोटातली मोठी रोहिणी (हृदयाकडून येणारी रक्तवाहिनी) फुगलेली असू शकते. पाळी चुकलेल्या स्त्रीला गर्भनलिकेतल्या गर्भाचा धोका असतो. वयात येणाऱ्या मुलाची कळ जांघेत उतरत असेल तर वृषणाला पीळ पडला नाही ना, हे लगेच दाखवा. तो पीळ साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. मधुमेह्यांना आणि चाळिशीपुढच्यांना बेंबीच्या वर दुखत असेल तर ईसीजी काढल्याशिवाय 'गॅस' म्हणू नये.

हात कुठे जातो ते पाहा

"कुठे दुखतंय?" असं विचारा आणि उत्तरापेक्षा हाताकडे लक्ष द्या. मुतखड्याचा माणूस बहुधा कमरेवर हात ठेवतो, बोटं मागे पाठीकडे आणि अंगठा पुढे, शेवटच्या बरगडीच्या खाली. पित्ताशयाचा माणूस तळवा ठेवतो उजव्या बरगड्यांखाली किंवा छातीच्या हाडाखालच्या खळग्यात. हा खळगाच फसवतो, कारण ॲसिडिटीही तिथेच जाणवते. दुखणं फक्त डाव्या कुशीत असेल तर पित्ताशयाचा विचार जवळपास सोडून द्या. ते उजवीकडे यकृताखाली असतं. मुतखडा मात्र दोन्हीकडे होतो, म्हणून खरा गोंधळ उजव्या बाजूलाच.

आता कळ सरकते कुठे ते विचारा. मुतखड्याची कळ खाली उतरते: कुशीतून ओटीपोटात, तिथून जांघेत, पुरुषांत वृषणापर्यंत. खडा जिथून उतरतो ती मूत्रवाहिनी पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब आणि तीन-चार मिलीमीटर रुंद. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीला लागते, चार थेंब होतात आणि जळजळतं. पित्ताशयाची कळ वर आणि मागे जाते: उजव्या खांद्यात किंवा खांद्याच्या पात्याखाली. "खांदा धरलाय" म्हणून बाम चोळला जातो, तेव्हा हात वर-खाली करून पाहा. हालचालीनं खांदा जास्त दुखत नसेल आणि सोबत पोटातही कळ असेल, तर दुखण्याचं मूळ खांद्यात नाही.

माणूस पडून आहे की फिरतोय?

ही खूण घरच्यांना डॉक्टरांपेक्षा चांगली दिसते, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत कळ बरेचदा ओसरते. मुतखड्याचा रुग्ण एका जागी टिकत नाही. पलंगावरून उठतो, गॅलरीत जातो, भिंतीला डोकं टेकवतो, पुन्हा आडवा होतो. कुठल्याच बाजूला आराम नाही. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते, त्याबरोबर उलटी होते.

पित्ताशयाच्या साध्या झटक्यातही अस्वस्थपणा असतो, पण दुखणं लाटांचं नसतं. ते चढतं आणि चढलेल्या जागी ठाम राहतं, अर्धा तास ते चार-पाच तास. सहा तास उलटले तरी थांबत नसेल तर पित्ताशयाला सूज आली असं धरून निघा. सूज आली की माणूस उलट निपचित पडतो, कारण हललं की दुखतं, खोल श्वास घेतला की दुखतं. डॉक्टर उजव्या बरगड्यांखाली बोटं रोवून "श्वास घ्या" म्हणतात आणि रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो, ती याच सुजेची परीक्षा. घरी करून पाहू नका.

दुखणं पट्ट्यासारखं सरळ पाठीत जात असेल आणि पुढे वाकून बसल्यावर थोडं बरं वाटत असेल, तर खडा पित्तनलिकेत घसरून स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. हेही रुग्णालयाचंच काम.

घड्याळ आणि ताट

पित्ताशय आकुंचन पावतं ते तुपा-तेलाच्या जेवणानं. म्हणून लग्नातलं जेवण, रविवारची तर्रीदार मिसळ, रात्रीची पावभाजी, यांच्यानंतर तास-दोन तासांनी किंवा मध्यरात्री झोपेतून उठवणारी कळ पित्ताशयाकडे बोट दाखवते. उपवासालाही हे लागू आहे: दिवसभर पोटात काही नाही आणि संध्याकाळी एकदम साबुदाणा वडे. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना आणि गरोदरपणात पित्तखडे जास्त होतात.

मुतखड्याच्या कळेला ताटाशी घेणंदेणं नसतं. तिथे पाण्याचा हिशेब विचारा: एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर दुचाकीवर किती फिरणं झालं आणि लघवी गडद पिवळी होत होती का?

लघवी बाटलीत धरून बघा

कमोडमध्ये रंग कळत नाही. स्वच्छ पारदर्शक बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. गुलाबी, लालसर किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखी दिसली तर मुतखड्याचा संशय वाढतो (आदल्या दिवशी बीट खाल्लं नाही ना, हे विचारून घ्या). कोऱ्या चहासारखी गडद आणि शौच मातकट पांढरट असेल तर पित्तनलिका अडली आहे. लघवी साफ दिसली म्हणून मुतखडा नाही असं ठरत नाही.

हे सगळं कागदावर टिपा. उदाहरणार्थ: "९ वाजता पावभाजी. ११.४० ला सुरू, खळग्यात. उजव्या पात्याखाली जातं. एकसारखं. २ उलट्या. ताप नाही. लघवी पिवळी." इतक्या ओळींनी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

निघेपर्यंत काय करावं

खायला देऊ नका, दूधही नाही. कळ असताना लोटाभर पाणी पाजल्यानं मुतखडा ढकलला जात नाही. अडलेल्या किडनीवर दाब वाढतो आणि उलटी होते. तहानेपुरते घोट पुरेत. प्रौढ माणसाला ६५० मिलीग्रॅमची एक पॅरासिटामॉल चालते, कावीळ किंवा यकृताचा आजार नसेल तर. डायक्लोफिनॅकसारखी औषधं दोन्ही कळांवर गुणकारी आहेत, पण किडनीचा आजार, जठराचा अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर ती स्वतःहून घेऊ नका.

सोनोग्राफीला जाताना

पित्ताशय नीट दिसायला ते भरलेलं हवं, म्हणजे सहा ते आठ तास उपाशी. सकाळचा चहाही नको, दुधातल्या स्निग्धांशानं पित्ताशय रिकामं होतं. पण मूत्राशयही भरलेलं हवं. म्हणून तासभर आधी तीन-चार ग्लास साधं पाणी प्या आणि लघवी रोखून धरा. कळ जोरात असेल तर या तयारीसाठी थांबू नका. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे सहसा नजरेतून सुटत नाहीत, मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा मात्र सुटू शकतो. रिपोर्ट साफ आणि कळ खरी, अशा वेळी डॉक्टर कॉन्ट्रास्टशिवायचा (म्हणजे शिरेतून औषध न सोडता काढलेला) सीटी स्कॅन सांगतात. तो वायफळ खर्च नसतो. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी), यकृताच्या चाचण्या आणि लायपेज (स्वादुपिंडाची रक्तचाचणी) यांतून बाकीचं कळतं.

एक अडचण नेहमी येते: रिपोर्टमध्ये किडनीतही खडे आणि पित्ताशयातही. पित्ताशयात आहे म्हणून दुखणं त्याचंच, असं नाही. असे खडे कित्येकांना असतात आणि कधीच त्रास देत नाहीत. गुन्हेगार कोणता हे तुमच्या त्या कागदावरूनच ठरतं.

निदानानंतर

पाच मिलीमीटरच्या आतला मुतखडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. लघवी चहाच्या गाळणीतून गाळा (ती गाळणी मग वेगळीच ठेवा), सापडलेला खडा कोरड्या डबीत घालून तपासणीला द्या. कळ थांबली पण खडा सापडला नाही, तर पुन्हा सोनोग्राफी करा. पूर्ण अडलेली किडनी कधी कधी न दुखता निकामी होत जाते.

मुतखड्यावर घरोघरी दिलं जाणारं हुलग्याचं पाणी किंवा पानफुटीची पानं पित्ताशयातल्या खड्यावर चालवू नका. लघवीची वाट आणि पित्ताची वाट कुठेच मिळत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिऊन शौचातून पडणारे हिरवे गोळे हे खडे नसतात, त्या तेलाचाच पोटात बनलेला साबण असतो. त्रास देणाऱ्या पित्तखड्यासाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. "फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या" अशी विनंती बरेच जण करतात, पण खडे त्या पिशवीतच तयार होतात. ती ठेवली तर पुन्हा होतात. पित्तरस यकृतात बनतो, त्यामुळे पिशवी गेल्यावरही पचन चालू राहतं.