ऑनलाइन पॅथॉलॉजी शिकताना या चुका टाळा

प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली स्लाइड येते तेव्हा तिच्यावर निदान लिहिलेलं नसतं. नेटवरच्या बहुतेक फोटोंखाली ते असतं, शिवाय फोटोसाठी नेमका तोच भाग निवडलेला असतो. म्हणून शेकडो फोटो पाहिलेली मुलंही स्पॉटरला (समोर ठेवलेली स्लाइड ओळखायच्या परीक्षेला) अडतात: ओळखता येतं, शोधता येत नाही.

फोटोंपेक्षा व्हर्च्युअल स्लाइडवर, म्हणजे अख्ख्या स्कॅन केलेल्या स्लाइडवर वेळ घाला, आणि उघडल्या उघडल्या ४०एक्सवर (मोठ्या झूमवर) जाऊ नका. क्षयाचा लिम्फ नोड (लसिका गाठ) घ्या. २एक्सवर सगळा तुकडा कडेपासून कडेपर्यंत फिरून बघा. निळ्या लिम्फोसाइट्समध्ये फिकट गुलाबी बेटं दिसतील. १०एक्सवर तीच बेटं ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) ठरतात, मधोमध दाणेदार केसियस नेक्रोसिस, म्हणजे चीजसारखा दिसणारा मृत ऊतीचा भाग. लँगहान्स जायंट सेलमधली (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशीतली) कडेला नालासारखी मांडलेली केंद्रकं आणि एपिथेलिऑइड पेशींची लांबट, चपलेच्या तळव्यासारखी केंद्रकं ४०एक्सवर तपासा. लेबलं बंद ठेवून आधी दोन ओळी वर्णन वहीत लिहा, मगच उत्तर उघडा. हा क्रम चुकला की सुट्या जायंट सेलवर नजर खिळते आणि नेक्रोसिस आहे की नाही हेच सांगता येत नाही.

स्क्रीनकडून नको ती अपेक्षा

४०एक्सला स्कॅन केलेल्या स्लाइडमध्ये एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा असतो. त्यापुढे झूम केलं तर पिक्सेल मोठे होतात, नवा तपशील येत नाही. स्कॅन बहुधा एकाच पातळीवर झालेलं असतं, म्हणजे फाइन फोकस फिरवायची सोय नाही. क्षयाचे जंतू किंवा एच. पायलोरी (जठरातले जंतू) तिथे दिसले नाहीत तर ‘नाहीत’ असं लिहू नका. काँगो रेड या रंगद्रव्याने रंगवलेल्या अमायलॉइडचा (ऊतीत साचणाऱ्या एका प्रथिनाचा) सफरचंदी हिरवा रंग ध्रुवित प्रकाशातच दिसतो. तो कॉलेजच्या लॅबमध्येच बघून घ्या.

फोनचा नाइट मोड मात्र आधी बंद करा. पिवळट छटेत स्लाइड रंगवायच्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी दोन्ही बिघडतात.

पानाची तारीख न पाहणं

ट्यूमरची वर्गीकरणं बदलत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ‘आयडीएच-म्युटंट ग्लिओब्लास्टोमा’ (आयडीएच जनुकात बदल असलेला मेंदूचा ट्यूमर) हे निदान उरलं नाही. आता ते अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ४. ग्रेडही रोमन आकड्यांत लिहीत नाहीत. जुन्या व्हिडिओंत मात्र जुनीच नावं आहेत. ट्यूमरचा विषय असेल तर आधी अपलोडचं वर्ष बघायची सवय लावा.

एककांची गल्लत

ब्रिटिश संकेतस्थळांवर हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. तिथलं ८५ म्हणजे आपलं ८.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. प्लेटलेट १५० असं दिसलं तर ते १५० × १०⁹ प्रति लिटर, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचे दीड लाख. केस सोडवायला बसण्याआधी सगळे आकडे आपल्या एककांत उतरवून घ्या.