विहिरीच्या दरडीतून क्रिटेशसचा लाव्हा कसा वाचावा

सोलापुरात डायनासोरचं हाड शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. अक्कलकोट घ्या, मोहोळ घ्या की बार्शी, पायाखाली आहे तो दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याखालचं जग किती खोल असेल याचा अंदाज शेजारच्या किल्लारीवरून येतो. 1993 च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या बोअरमध्ये आधी 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला, मग जेमतेम 8 मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म, म्हणजे लाव्ह्याहून कितीतरी जुना पट्ट्यापट्ट्यांचा खडक. डायनासोरची हाडं मिळतात ती चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला, कारण तिथे लाव्ह्याखालचे लॅमेटा नावाचे गाळाचे थर उघडे पडले आहेत. आपल्याकडे वाचायचा तो लाव्हाच. तोही क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरच्या आसपासचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यासाठी शेतातल्या विहिरीइतकी सोयीची जागा नाही.

विहीर कच्ची हवी. दगडी बांधकामाची असेल तर खडक दिसतच नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असतं. त्यातही मेचा दुसरा आठवडा गाठा. त्या दिवसांत सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास ऊन थेट तळापर्यंत पोचतं. मालकाला विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि आत तर उतरायचंच नाही. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, मुरूम ढासळतो, कपारीत साप असतात. नव्या विहिरीत न उडालेला सुरुंग राहिलेला असू शकतो. वायर लोंबणाऱ्या भोकाच्या आसपासही फिरकू नका.

मोजमाप वरूनच होतं. 30 मीटरचा फायबरचा टेप घ्या. लोखंडी नको, मोटारीच्या वायरीला लागला तर जिवावर बेतेल. टोकाला अर्धा किलोचं वजन बांधून टेप दरडीलगत सोडा आणि समोरच्या काठावरून फोटो काढा. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, तिच्यात थरांची जाडी खोटी दिसते. शून्य जमिनीला धरायचं, कठड्याला नाही. दोन विहिरींचे थर जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा घोळ इथेच निघतो.

आता थर. वर काळी माती, खाली मुरूम, मुरमात गोल गोल धोंडे. मग खरा खडक. लाव्ह्याच्या एका थराचा माथा म्हणजे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झालेला असतो आणि भोकांत पांढरे, हिरवट खडे भरलेले असतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, उभ्या भेगांचा. बुडाशी, नशीब असेल तर, पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्यांची वरची टोकं ज्या बाजूला झुकलेली, त्या बाजूला लाव्हा वाहत गेला. दिशा घ्यायला होकायंत्र किंवा मोबाइल दरडीला टेकवू नका, बेसाल्ट चुंबकीय असल्याने सुई भरकटते. मीटरभर लांब उभे राहा.

थराच्या बुडाखाली कधी कधी विटकरी गेरूचा पट्टा लागतो. दोन लाव्ह्यांच्या मध्ये जो काळ गेला त्यात खालचा माथा झिजून त्याची माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. म्हणून गेरूच्या वर पाषाण आणि खाली मांजऱ्या असा क्रम जुळला तर पट्टा खरा समजा. सगळीकडे गेरू असेलच असं नाही. उलट एकाच उद्रेकात लाव्ह्याच्या मीटर-दीड मीटरच्या जिभा एकमेकींवर चढतात, प्रत्येकीला स्वतःचा सच्छिद्र माथा असतो, पण मध्ये माती नसते. त्या वेगवेगळे थर म्हणून मोजल्या की आकडा उगाच फुगतो.

हातात घेऊन पाहायचे दगड विहिरीशेजारच्या ढिगातून निवडा. सगळ्यात खोलचा दगड शेवटी बाहेर येतो, म्हणून तो ढिगाच्या वरच्या बाजूला असतो. भोकातले पांढरे खडे ओळखायला लोखंडी खिळा आणि थोडं व्हिनेगर पुरतं. खिळ्याने ओरखडा उठला आणि खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगर फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. ओरखडा उठला पण फसफस नाही, तर बहुधा झिओलाइट, हे बेसाल्टच्या भोकांत वाढणारं दुसरं खनिज. खिळाच झिजून दगडावर करडी रेघ उमटली तर गारगोटी. भुकटी न करता थेंब टाकला तर कॅल्साइटही गप्प बसतो आणि तुम्ही त्याला झिओलाइट म्हणून मोकळे होता.

जीवाश्म म्हणून घरी आणल्या जाणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत. मुरमातले गोल धोंडे ही ‘डायनासोरची अंडी’ नव्हेत. भेगांतून पाणी शिरून दगड कोपऱ्यांकडून आधी कुजतो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. आत कवच नाही, नुसता बेसाल्ट असतो. भेगेच्या सपाटीवर दिसणारं काळं नेचाचं पान म्हणजे मँगनीजची नक्षी. भिंगातून पाहा, मधली शीर नसते, जाडीही नसते. भीमा-सीनेच्या गाळातली हाडं क्रिटेशसची नसतात. गाळ लाव्ह्यापेक्षा फारच अलीकडचा.

खरी शक्यता एकच. दोन लाव्ह्यांच्या मध्ये तळं साचून राहिलं असेल तर गेरूच्या जागी फिकट, पातळ पापुद्र्यांचा चुनखडीयुक्त थर किंवा धारदार कडांचा चर्ट, म्हणजे गारगोटीच्या जातीचा कठीण दगड, येतो. नागपूरला टाकळीजवळ आणि कर्नाटकात गुरमिटकलकडे असे थर आहेत. त्यांत गोड्या पाण्यातल्या फायसा गोगलगायी मिळतात. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड डावीकडे येतं. काळ्या मातीतले हलके, पांढरे, पोकळ शंख आजचे. जीवाश्म दगडात रुतलेला आणि आतूनही दगडाने भरलेला असतो.

असा थर दिसला तर हातोडी खाली ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जमिनीपासूनची खोली, मोबाइलवरचं ठिकाण, एवढं टिपून ते सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्राच्या लोकांना दाखवा. ढिगातला तुकडा नेत असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर विहिरीची खूण लिहा. धुवू नका, चुनखडीची माती पाण्यात सुटते आणि तिच्याबरोबर शंखही जातो.