कोपर मोडल्यावर या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक मालिशची आणि हात जबरदस्तीने ओढण्याची. प्लास्टर निघतं, हात अर्धवट वाकलेला राहतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. मग एकजण दंड दाबून धरतो, दुसरा मनगट ओढतो. नाहीतर भरलेली बादली उचलायला लावतात. आठवड्याभरात कोपर गरम लागतं, सुजतं आणि आधी जेवढं सरळ व्हायचं तेवढंही होत नाही. कारण कोपरापुढचा स्नायू जोर लावल्याने फाटतो, आत रक्त साकळतं आणि त्या जागी चक्क हाड तयार होऊ लागतं. ते सांध्याला अडवू लागलं, तर पक्कं होईपर्यंत कित्येक महिने थांबायचं आणि मग शस्त्रक्रिया करून काढायचं. दोन दिवसांची घाई अशी वर्षभर पुरते.

हात रुग्णाने स्वतःच्याच ताकदीने हलवायचा. आधी दहा मिनिटं कोमट शेक, मग सावकाश वाकवणं आणि सरळ करणं, दहा-दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. ताण जाणवला तर चालेल, कळ आली की थांबायचं. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश धरला, तर रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते. लहान मुलांना तर खेळू द्यावं. त्यांचा हात काही महिन्यांत बहुधा आपोआप सुटतो.

दुसरी चूक रात्रीची. पाच-सात वर्षांचं मूल पडतं, दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, प्लास्टर होतं आणि मूल रडतच राहतं. ‘मोडलंय म्हणजे दुखणारच’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. नीट बसवलेल्या हाडाची वेदना कमी होत जाते. ती वाढत असेल, औषधाला दाद देत नसेल, बोट हळूच सरळ करताच मूल किंचाळत असेल, तर आत दाब वाढतोय. सहा-एक तास रक्त मिळालं नाही तर स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. तडक रुग्णालय गाठा; प्लास्टर आतल्या कापसासकट त्वचेपर्यंत उघडावं लागतं. पहिले ४८ तास बोटांचा रंग आणि ऊब पाहत राहा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येतो का, तेही पाहा. न जमणं हे नस, म्हणजे मज्जातंतू, दुखावल्याचं लक्षण असतं.

बाकीच्या थोडक्यात. पडल्या जागी हात सरळ करू नका, आहे तसाच आधार देऊन बांधा. अंगठी आणि कडं सूज चढण्याआधी काढा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांनी पाहीपर्यंत खाणंपिणं बंद. मुलाच्या कोपराची बाहेरची बाजू मोडली असेल आणि नुसतं प्लास्टर घातलं असेल, तर आठवड्याने पुन्हा एक्स-रे हवाच; तो तुकडा प्लास्टरमध्येही सरकतो. मोठ्या माणसाच्या रेडिअसच्या (अंगठ्याच्या बाजूच्या हाताच्या हाडाच्या) डोक्याला, म्हणजे कोपराकडच्या टोकाला, न सरकलेली नुसती चीर असेल, तर महिनाभर प्लास्टर कशाला? काही दिवस झोळी आणि लगेच हालचाल. उलट कोपराचं टोक तुटून वर ओढलं गेलं असेल, तर तारा किंवा प्लेट बहुतेकदा लागतेच, कारण दंडामागचा स्नायू तो तुकडा सतत वर खेचत असतो.