स्वतःची कादंबरी स्वतः प्रकाशित करायची, तर रोजचा दिवस कसा लावावा

पदरमोड करून पुस्तक काढणारे लेखक मराठीत पूर्वीपासून आहेत. आता एवढंच झालंय की अक्षरजुळणीपासून पार्सलवर पत्ता घालण्यापर्यंत सगळं एकट्या माणसाला घरातून करता येतं. म्हणून ते सगळं एकाच माणसाच्या दिवसात येऊन पडतं. नोकरी किंवा घर सांभाळून हे करू पाहणाऱ्यांसाठी कामाचा क्रम खाली दिला आहे. तो एका मतावर उभा आहे आणि त्याबाबत मी ठाम आहे: लेखकाचे तास आधी काढून ठेवायचे आणि प्रकाशकाने उरलेल्या वेळात भागवायचं. उलटं केलं की पहिलं पुस्तक विकण्यात वर्षं जातात आणि दुसरं लिहून होत नाही.

१. सकाळ लिहिण्यासाठी राखा

तास-दीड तास पुरतो, पण तो रोजचा हवा. त्या वेळात ऑर्डरी, मेसेज, विक्रीचे आकडे काहीही उघडायचं नाही. काल जिथे थांबलात त्याच्या आधीचं एक पान वाचा आणि तिथून पुढे जा. कालचं दुरुस्त करत बसू नका, त्यासाठी पुढे वेगळा वेळ येणार आहे.

टंकन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर तसाच दिसतो. एका फाइलची एक प्रत मेलवर आणि एक पेन ड्राइव्हवर रोज ठेवा.

शेजारी एक वही असू द्या. पात्रांची वयं, नाती, गावांमधली अंतरं, कोण कोणाला काय हाक मारतं, हे त्यात लिहायचं. आईला पहिल्या प्रकरणात ‘अगं’ म्हणणारा मुलगा विसाव्या प्रकरणात ‘अहो आई’ म्हणू लागला, तर वाचक तिथेच अडखळतो. तारखांचंही तसंच. समजा तुमच्या कथानकात किल्लारीचा भूकंप येतो. तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला आणि आदली रात्र गणपती विसर्जनाची होती. विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. हे ठाऊक नसेल तर त्या रात्रीचं गाव तुम्ही वेगळंच रंगवाल. त्या वर्षाचं पंचांग, कॅलेंडर, वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं यांसाठी आठवड्यातली एखादी दुपार खर्च करा. ती वाया जात नाही.

२. संपादन दुसऱ्याच्या हातून, मुद्रितशोधन तीनदा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा आणि नेमका इथेच तो वाचवला जातो. प्रकाशनसंस्थेत संपादक असतो, तो नको ते कापायला लावतो. तुमच्या घरी तो नाही, म्हणून त्याला पैसे देऊन आणा. मुखपृष्ठावर कमी खर्च झाला तरी चालेल, संपादनावर नको. मित्रांना वाचायला जरूर द्या, पण ‘छान आहे’ या शब्दांना अभिप्राय समजू नका. ‘कुठे कंटाळा आला, तिथे पेन्सिलने रेघ मारा’ एवढंच सांगा. तीन जणांच्या रेघा एकाच पानावर आल्या की काय करायचं ते तुम्हाला कळेलच.

मुद्रितशोधन संध्याकाळी, कागदावर, पट्टी ठेवून करा. पहिल्या फेरीत फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे दोरा. हे चारही शब्द बरोबर असल्यामुळे संगणक यातलं काहीच पकडत नाही. दुसऱ्या फेरीत सुसंगती बघा. निवेदन ‘केले’चं आहे की ‘केलं’चं, ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच ठेवा. संवादातली बोली मात्र नियमात बसवायला जाऊ नका. मराठवाड्यातल्या आजीच्या तोंडी पुस्तकी वाक्य घातलं की ती आजी राहत नाही. तिसरी फेरी मांडणी झाल्यानंतरची. अक्षरजुळणीकार अजूनही अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात काम करतात आणि मजकूर रूपांतरित होताना जोडाक्षरं बिघडतात. लग्नाच्या पंगतीतल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात, सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द शोधून तपासायचा.

फॉन्ट निवडताना ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का, ते बघा. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच मराठी वळण देतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हे मोफत वापरता येतात. छापील कादंबरीसाठी मी यशोमुद्रा घेईन.

३. छपाईचं गणित आधी मांडा

मराठी कादंबरी बहुधा डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) छापतात आणि छापखाना पानं फॉर्ममध्ये मोजतो. एक फॉर्म सोळा पानांचा. 240 पानांचे बरोबर पंधरा फॉर्म होतात. कादंबरी 243 पानांवर संपली तर त्या तीन पानांसाठी पुढचा अर्धा किंवा पूर्ण फॉर्म लागतो. अशा वेळी समास (पानाच्या कडेची कोरी जागा) किंवा ओळींमधलं अंतर किंचित बदलून तीन पानं आत घ्या. अक्षर मात्र लहान करू नका, आपल्या वाचकांत साठीच्या पुढचे पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा शंभर-दोनशे प्रती डिजिटलवर, म्हणजे प्लेट न बनवता थेट संगणकावरून छापा. प्रत महाग पडते, पण पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत. मागणी दिसली की ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून, पाचशे.

किंमत ठरवताना विक्रेत्याचा वाटा विसरला जातो. समजा छपाई प्रतीमागे 110 रुपये आणि छापील किंमत 300. दुकानदाराने चाळीस टक्के सूट मागितली तर तुमच्या हाती 180 येतात, खर्च वजा जाता 70. याच सत्तरातून संपादक, मुखपृष्ठकार, भेटप्रती आणि टपाल भागवायचं आहे. वाचकाने थेट तुमच्याकडून घेतलेली एक प्रत दुकानातल्या दोन प्रतींइतकी मोलाची ठरते ती यामुळे. थेट विक्रीवर भर द्या, आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या तरी दुकानात पाच प्रती असू द्या.

४. कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्याचा बारकोड मलपृष्ठावर येतो, म्हणून मुखपृष्ठाचं काम सुरू होतानाच अर्ज करा. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक सेवेवर मात्र आयएसबीएन नसला तरी चालतो.

1954 च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे स्वखर्चाने पाठवायची असते. हे काम टाळू नका. तुमच्यानंतरही पुस्तक कुठेतरी जपलं जाईल याची ही सोय आहे.

कादंबरीत गाण्याच्या किंवा कवितेच्या ओळी घेतल्या असतील तर परवानगी काढा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात.

५. दुपार पार्सलांची

रोज पोस्टात जाऊ नका. आठवड्याचे दोन वार ठरवा आणि ते वाचकांना आधीच सांगून ठेवा. ‘मंगळवारी निघेल’ असं कळवलं की कोणी तक्रार करत नाही.

पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता खाकी कागद टिकत नाही. मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा लावा. मार बसतो तो कोपऱ्यांनाच. पत्त्यात पिन कोड आणि मोबाइल क्रमांक ठळक लिहा. खेडेगावात पोस्टमन फोन करतो आणि त्यामुळेच पुस्तक पोचतं. टपालखात्याने 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सवलतीची सेवा सुरू केली आहे. तुमची कादंबरी तिच्यात बसते का आणि सध्याचा दर काय, हे खिडकीवर विचारून घ्या. पावत्या तारखेप्रमाणे एका फाइलीत लावत जा.

६. ई-पुस्तक

किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येतं. मानधनाचे दोन दर आहेत, 35 आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर ई-पुस्तक 90 दिवस दुसरीकडे कुठेही न देण्याची अट मान्य करावी लागते. छापील प्रतीला ही अट नाही. अमेरिकेत, आखातात राहणारा मराठी वाचक टपालखर्च बघून मागे फिरतो. त्याच्यासाठी एवढी खटपट कराच.

७. संध्याकाळचा अर्धा तास वाचकांना

दिवसभराच्या मेसेजना एकदाच बसून उत्तरं द्या. वाचनालयांना पत्रं पाठवा, तीही ग्रंथपालाच्या नावाने, कथानकाच्या चार ओळी लिहून. तालुक्याच्या वाचनालयात कादंबरीची एक प्रत कितीतरी घरं फिरते, आणि पुढच्या पुस्तकाचे ग्राहक तिथूनच येतात. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मिळत असेल तर दोन दिवस रजा काढून बसा.

शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत कादंबरीसाठी आणि पहिल्या कादंबरीसाठी वेगळे पुरस्कार आहेत. प्रवेशिका प्रकाशनवर्षाप्रमाणे मागवल्या जातात, त्यामुळे पुस्तकावर वर्ष नीट छापलेलं असू द्या आणि जाहिरातीवर लक्ष ठेवा. प्रती वेळेत पोचवण्याची जबाबदारीही तुमचीच.

झोपण्याआधी वहीत दोन नोंदी करा. पहिली आज आलेल्या-गेलेल्या पैशांची. दुसरी वाचकांनी दाखवलेल्या चुकांची, पान आणि ओळ क्रमांकासकट. पुन्हा छपाई करायची वेळ येईल तेव्हा ही यादी मांडणीकाराला द्या आणि दुरुस्त केलेली पानं तेवढी छापून, तपासून मगच छापखान्याला होकार कळवा.