जर्मनीला निघालेल्या पोरांची दवाखान्याची तयारी

यवतमाळ-वर्ध्याकडून नर्सिंगच्या नोकरीवर जर्मनीला निघताना बॅगेत तिखट-हळद आधी जाते, दवाखान्याचे कागद राहून जातात. ते आधी जमवा. गावात ते एका दिवसात मिळतात, तिकडून मागवायचे म्हटलं की आईबापाची धावपळ होते.

पहिला कागद लसीकरणाचा. १९७० नंतर जन्मलेल्या अन् दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला तिथं गोवरच्या लसीचा किंवा रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो. २०२० पासून तसा कायदाच आहे. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला, आशाताईला विचारा. नोंद नाहीच मिळाली तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच लस घ्या.

दुसरा सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, आणि यावर माझा जास्त जोर आहे. आपल्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, तिकडच्या डॉक्टरला तो चटकन सुचेलच असं नाही. सोल्युबिलिटी टेस्टवरून, म्हणजे पहिल्या साध्या रक्ततपासणीवरून, वाहक (दोष अंगात आहे पण आजार नाही असा) कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हा फरक दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट न्या. नुसते वाहक असाल तरी न्या. टीबीचा कोर्स झाला असेल तर त्याचं पत्र, जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्डही ठेवा. चालू गोळ्यांची कंपनीची नावं तिथं चालत नाहीत. आतल्या औषधाचं नाव आणि डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तिथं पोचल्यावर क्रांकनकासे, म्हणजे सरकारी कायद्याखालची विमा संस्था, निवडायची. आओके, टेकनिकर, बार्मर अशा बऱ्याच आहेत. हप्ता पगारातून कापला जातो, साधारण अर्धा मालक भरतो. कार्डासाठी फोटो लगेच पाठवा. कार्ड टपालानं येतं, तेव्हा पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं हवं, नाहीतर टपाल परत जातं. तोवर विमा असल्याचं पत्र कासेकडून मागून घ्या.

मग घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, तब्येत ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. फोन करून वेळ घ्यावी लागते, तिला टर्मिन म्हणतात. मोठ्या डॉक्टरकडे जायला बहुतेक वेळा त्याचीच चिठ्ठी लागते. साध्या तापाला सुई-सलाईन मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

आपल्याकडं महात्मा फुले योजना मुख्यतः भरती झाल्यावर कामी येते, म्हणून पोरं तिकडंही दुखणं अंगावर काढतात. असं करू नका रे बाबांनो! साध्या तपासणीचेही पैसे डॉक्टर मागत नाही, कार्ड दाखवलं की झालं. चिठ्ठीवरच्या औषधाला मेडिकलमध्ये साधारण पाच ते दहा युरो, भरती झालात तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. रात्री किंवा सुट्टीत दुखलं तर ११६११७, जिवावरचं असेल तर आपल्या १०८ सारखा तिथं ११२. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये टाका.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी कामावर कळवा; तीन दिवसांवर गेलं की डॉक्टरचा दाखला लागतो.

कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि लेकरं तुमच्याच विम्यात फुकट बसतात. आईबाबा मात्र बसत नाहीत. ते भेटायला येणार असतील तर त्यांचा प्रवासी आरोग्य विमा वेगळा काढा, आणि त्यात जुन्या बीपी-शुगरचा खर्च धरला आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचून घ्या.