मिरवणुकीत कान कसे जपावेत आणि घरचे स्पीकर हळू आवाजात कसे ऐकावेत

अनंत चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात मी सांगलीच्या घरी नवे स्पीकर आणले आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत करण्याच्या विचारात होतो. तंबोऱ्याचा नाद बोथट वाटत होता आणि टाळांची किणकिण जाड कापडाआडून आल्यासारखी ऐकू येत होती. आदल्या रात्री मिरजेच्या मिरवणुकीत, स्वागत कमानींच्या रांगेत, मी दोन तासांहून अधिक वेळ ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ उभा होतो आणि घरी आलो तेव्हा कानांना दडे बसले होते. पण स्पीकरांना दोष देताना ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही. तिसऱ्या दिवशी तेच स्पीकर, त्याच जागी, तेवढ्याच आवाजात स्वच्छ बोलू लागले. बिघाड माझ्या कानांत होता.

आपल्या आतील कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-सोळा हजार असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, तेव्हा काही तास किंवा एक-दोन दिवस ऐकू कमी येते आणि कानात शिट्टी वाजत राहते. मारा वारंवार झाला तर त्यांतील काही कायमच्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पीकर दुरुस्त करता येतात, बदलताही येतात. म्हणून चांगला स्पीकर घेणाऱ्याने त्याच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्चाचे इअरप्लग आधी घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचा हिशेब अवघड नाही. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यासाठीच्या 'नायोश' (NIOSH) संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास उभे राहणाऱ्याने एका दिवसाच्या मर्यादेच्या आठपट मारा कानांवर घेतलेला असतो. मोबाइलवरील मापक अंदाजापुरता उपयोगी आहे. मात्र मोठ्या आवाजात मोबाइलचा मायक्रोफोन गुदमरतो आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दाखवू शकतो. शिवाय नेहमीच्या 'ए' मापनात खर्जाचे वजन कमी धरले जाते. आपल्याकडे ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात (त्या नावाच्या कंपनीशी याचा संबंध नाही) त्या भिंतीचा छातीत जाणवणारा दणका त्या आकड्यात पुरता उतरत नाही. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर मापक न पाहताच मागे सरकावे. मोकळ्या जागेत, आवाज एकाच ठिकाणाहून येत असेल तर, अंतर दुप्पट केल्यावर तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद पेठेत दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे तो त्याहून कमी उतरतो, म्हणून नुसते दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहणे पुरत नाही.

कापसाचे बोळे जवळजवळ काहीच अडवत नाहीत. फोमचे प्लग स्वस्त आणि परिणामकारक असतात, पण बहुतेक लोक ते चुकीचे घालतात. हात स्वच्छ करून प्लग बोटांनी बारीक वात वळल्यासारखा दाबावा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची वरची कड वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नंतर दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून पाहावे. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग नीट बसला आहे. वेष्टनावर ३० डेसिबल लिहिले असेल तर प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरून चालावे. तरीही १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांची मुभा आठ तासांची होते. फोम वरच्या स्वरांना अधिक दाबतो, त्यामुळे संगीत गढूळ वाटते. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी आणि मैफलींना नेहमी जाणाऱ्यांनी म्हणून वादकांसाठीचे, सर्व स्वर सारख्या प्रमाणात उतरवणारे फिल्टरचे प्लग घ्यावेत. लहान मुलांच्या कानांत प्लग टिकत नाहीत. त्यांना कानांवर बसणारी संरक्षक टोपणे (इअरमफ) घालावीत आणि तान्ह्या बाळाला मिरवणुकीत नेऊच नये.

एका कानाला अचानक ऐकू येईनासे झाले, तर 'दडा बसला असेल, सुटेल' असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कारण अशा बहिरेपणावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक लागू पडतात.

आता घर. गोंगाटात वेळ घालवल्यानंतर निदान दोन दिवस कोणत्याही स्पीकरबद्दल मत बनवू नये, विकत घेण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. बारकावे दाखवणारा स्पीकर मोठ्याने लावल्यावरच खुलतो, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. आवाज वाढवण्याची गरज बहुधा खोलीमुळे पडते. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि डोक्यावर घरघरणारा पंखा असलेल्या खोलीत बारीक स्वर परावर्तनांत आणि घरघरीत बुडतात आणि हात आपोआप बटणाकडे जातो. खाली सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरावी, खिडक्यांना जड पडदे लावावेत. ऐकण्याच्या जागी बसून दुसऱ्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड कापड टांगावे किंवा पुस्तकांचे कपाट ठेवावे. दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण साधावा, वरचे स्वर देणारा छोटा ध्वनिक्षेपक कानाच्या उंचीवर आणावा आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर तरी पुढे घ्यावेत, म्हणजे खर्ज फुगणार नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणे कठीण आहे, म्हणून मी पहाटे ऐकतो.

बसण्याच्या जागी सरासरी ७० डेसिबलच्या आसपास आवाज ठेवावा. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणाऱ्या) साध्या जोडीला एवढ्यासाठी सरासरी एक वॉटही लागत नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, ही बाब १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी मोजून दाखवली. तेव्हा अशा वेळी खर्जाचे बटण थोडे वाढवण्यात काहीही गैर नाही.

स्पीकरची पारख करायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा क्वचितच असेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन जुळवलेला, नीट जवारी काढलेला (म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून जुळवलेला) तंबोरा जवळून ऐकावा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कानात साठवून घरी यावे आणि तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण अगदी हळू लावावे. तो गंधार हळू आवाजातही वेगळा ओळखू आला, तर स्पीकर आणि खोली दोन्ही चांगली आहेत. जुन्या तबकड्यांवर ही परीक्षा घेऊ नये. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे निधन १९३७ मध्ये झाले. त्या काळच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांच्या मुद्रणात वरचे स्वर फारसे आलेलेच नाहीत, आणि आवाज वाढवल्याने फक्त खरखर वाढते.

स्वयंभू गंधार ज्या खुणेवर पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतो, तिथे मी आवाजाच्या बटणाशेजारी टिकलीएवढा कागद चिकटवला आहे. दर तीन महिन्यांनी, शांत पहाटे, तेच ध्वनिमुद्रण त्याच जागी बसून मी पुन्हा ऐकतो. बटण त्या कागदाच्या पुढे न्यावे लागले, तर मी स्पीकरची तार तपासण्याआधी श्रवणचाचणी करून घेणार आहे आणि तिच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडली आहे का ते पाहणार आहे, कारण मोठ्या आवाजाची इजा बहुधा तिथेच प्रथम दिसते.